मालाचा तपशील

थंडर बे. औषधांच्या दुकानात अगदी मागे,
खोकल्याच्या गोळ्या आणि वाढदिवसाची कार्डं यांच्या मधे
पोस्टाची खिडकी आहे. खिडकीत मी.
दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी आर्वो केट्टुनेन येतो,
बुटांचा बर्फ पायपुसण्यावर झाडतो, दोनदा,
आणि तळहाताएवढं पाकीट काट्यावर ठेवतो,
झोपलेलं पोर खाली ठेवावं तसं.

आत काय?
माहीत असलं तरी मला विचारावंच लागतं.
तंबाखू. पाइपची. तीन पुड्या, दहा-दहा ग्रॅम.
किंमत?
तो छताकडे बघतो. ‘भेट’च्या चौकटीत फुली मारतो,
रकान्यात चार डॉलर लिहितो,
आणि चोरी कबूल केल्यासारखा उभा राहतो.

पत्ता डुलुथचा, मर्ल गुस्टाफसन.
सरोवराचं दुसरं टोक, दुसरा देश.
गाडीने चार तास, सीमेवर रांग नसली तर.
अकरा वर्षांत दोघं भेटलेले नाहीत.
‘भेटून काय करणार? दोघांनाही बोलता येत नाही.’

पण पुड्यांवर तो लिहितो, शिसपेन्सिलीने:
ही दोरासारखी पिळलेली आहे, आधी काप.
ही ओली, रात्रभर उघडी ठेव.
ही मला कळली नाही. तुला कळते का बघ.
आणि तिकडून उत्तर येतं,
खिळ्यांच्या बिलाच्या पाठीवर:
मनुका. घोड्याचं खोगीर.
शेवटी शेवटी चर्चमधला बाक, पावसाळी रविवारचा.

फेब्रुवारीत एकच पुडी आली. पाच ग्रॅम.
मी काट्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.
‘डॉक्टरांनी बंद केली त्याची.’
मग?
‘हुंगायला.’

एप्रिलमध्ये काट्यावर नुसता कागदाचा आकडा.
आठ दिवस डब्यात तंबाखूखाली अंथरलेला,
चार घड्या घातलेला, तपकिरी कागद.
आत काय, मी विचारलं.
त्याने टोपी काढली. ‘तूच लिही.’

या खिडकीतून मी अस्वलाची चरबी पाठवलीय,
कवळी पाठवलीय, एकदा एका बाईने
मोडलेल्या लग्नाची अंगठी बटाट्यात खुपसून दिली होती.
सगळ्याला शब्द सापडला होता.
‘इतर’वर फुली मारून मी लिहिलं:
कागद, वापरलेला.

त्याला मी सांगितलं नाही,
की माझा बाप जाळं टाकायच्या आधी
डाव्या हातातली चिमूट पाण्यात सोडायचा.
याच पाण्यात. त्या काठावर ग्रँड पोर्टेजला
आमचीच माणसं, आमचीच नाकं,
मधे कुणीतरी नकाशावर रेघ ओढलेली.
चिमूट कुठे जाते, मी एकदा विचारलं होतं.
‘जिला द्यायची तिला पोचते,’ एवढंच म्हणाला
आणि जाळं सोडवायला लागला. गुंतलं होतं फार.

मे महिन्यात आर्वो मंगळवार नसताना आला.
हातात मर्लचं पत्र, या वेळी चांगल्या कागदावर.
मला ऐकू यावं म्हणून वाचलं, कानशिलं लाल करत:

पाकिटाला कस्टमवाल्यांची पिवळी पट्टी होती.
कुणीतरी कापून बघितलं, काही सापडलं नाही,
पुन्हा चिकटवलं, जरा वाकडं.
वास मागच्यापेक्षा कमी आहे.
त्या माणसाने छाती भरून घेतला असणार.
तक्रार नाही. तिथे दिवसभर उभं राहायचं
म्हणजे डिझेलच हुंगायचं.

त्याने पत्र खिशात घातलं. बटण लावलं.
मागे रांगेत कफ सिरपवाली बाई चुळबुळ करत होती.
मग कोटाच्या आतून पाकीट काढून
त्याने काट्यावर ठेवलं. थोडं जड होतं,
पण फारसं नाही.

आत काय?
‘कागद. वापरलेले.’
नग किती?
‘दोन,’ तो म्हणाला.
‘एक मर्लला. एक त्या माणसाला.’

मी दोन लिहिलं.